आवाज न करता घेतलेला नमुना

त्या घरात काहीही बिघडलं तरी दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं असायचं. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, छत्री दुसऱ्याच्या घरी राहिली, की थोरला भाऊ हातातली काठी जमिनीवर आपटून म्हणायचा, "याने घाई केली असणार!" धाकटा लगेच स्वतःचा कान पकडायचा. "माझीच घाई, दादा." मग दोघे भाऊ पोट धरून हसायचे. थोरल्याची बायको मात्र या विनोदाला हसत नसे, कारण ती काठी त्याच्या हातात का आली, हे ती विसरली नव्हती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धाकट्याने स्कूटर दामटली, पुढच्या ट्रकला ओलांडायला गेला, आणि मागे बसलेल्या थोरल्याचा गुडघा असा मोडला की परत वाकलाच नाही. धाकट्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. थोरल्याने भावाला माफ केलं आणि वर त्याचा विनोद करून टाकला. बायकोनेही माफ केलं, निदान तसं ती सांगायची. पण दीर जिना उतरताना पायांचा आवाज करत आला की तिच्या पोटात अजून गोळा यायचा.

ही बाई तेल कंपनीच्या लॅबची प्रमुख होती. लोक तिला तिच्यामागे चाळणीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. जे येईल ते ती गाळून, चाळून, तीनदा मोजून घ्यायची. घरी किराणा आला तरी एकदा वजन करून बघायची, तिथे बाकीच्यांची काय कथा.

ज्यांना वाटतं की जमिनीखाली तेलाचं तळं असतं, त्यांनी तिच्या टेबलावरचा दगड एकदा हातात घ्यावा. वाळूचा साधा दगड. त्याच्या कणांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात आणि तेल त्या फटींमध्ये चिकटून बसलेलं असतं. एका विहिरीतून पाणी आत दाबायचं, म्हणजे ते तेलाला ढकलत दुसऱ्या विहिरीकडे नेतं, अशी युक्ती. पण पाणी पक्कं कामचुकार. मोठी फट दिसली की तेलाला बगल देऊन तिथून पसार होतं, आणि पलीकडे वर येतं ते नुसतं पाणीच. म्हणून त्यात पॉलिमरची पावडर मिसळायची. पाणी घट्ट होतं, रेंगाळतं, बारीकसारीक फटींतही शिरतं आणि तेलाला पुढे घालून चालतं. पातळ राहिलं तर सगळी मेहनत वाया. जास्त घट्ट झालं तर ते दगडात शिरत नाही, दाब चढत जातो आणि शेवटी खडकच फाटतो. फाटलेला खडक कुणाला शिवता येत नाही. मग वरून कितीही ओता, सगळं त्या भेगेतून वाहून जातं आणि ती विहीर कायमची वाया जाते.

तर हे मिश्रण कालवायचं काम कुणाकडे? तिच्या दिराकडे.

कंपनीत त्याला पिठ्या म्हणत, कारण दिवसभर पांढरी पावडर अंगावर घेऊन तो गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. नोकरी त्याला वहिनीच्या शब्दावर मिळाली होती. नवरा मागेच लागला होता, म्हणून तिने शब्द टाकला. मनात मात्र म्हणाली, हे म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. कारण या कामात घाईला जागाच नाही. पावडर भसकन ओतली तर गोळे होतात, आणि ते गोळे दगडाच्या तोंडाशी जाऊन बोळ्यासारखे बसतात. बरं, नीट विरघळली तरी पॉलिमरचे धागे इतके लांब आणि नाजूक, की मिश्रण एखाद्या अरुंद जागेतून जोरात दाबलं तर ते तुटतात. तुटले की उरतं ते जवळजवळ पाणी.

आणि नवल बघा, तोच वावटळ माणूस या कामाला लागला आणि निवला. पावडर चिमटीने सोडल्यासारखी भुरभुरायचा. मिश्रण मुरेपर्यंत टाकीजवळ स्टूल टाकून बसायचा. बोट बुडवून वर उचलायचा, बोटाला तार आली की स्वतःशीच म्हणायचा, "जमलं गं बाई." हे सगळं वहिनीला दिसत होतं. दिसत होतं, पण मन कबूल करत नव्हतं.

विहिरीच्या तोंडाशी नमुना घ्यायची रीत तिनेच त्याला शिकवली होती. दोन्ही टोकांना चाव्या असलेलं स्टीलचं एक नळकांडं पाइपावरच्या नळाला जोडायचं. नळ पूर्ण उघडायचा, म्हणजे पाइपात जेवढा दाब तेवढाच नळकांड्यात. मग मागची चावी अगदी हळू, केसाएवढी सोडायची. त्या चावीतून पिचकारी उडते ते धागे तुटलेलं, फाटलेलं मिश्रण, ते फेकून द्यायचं. नळकांड्यात भरून राहतं ते अखंड, तेच तपासायचं. "बाहेर पडतं ते फाटलेलं, आत राहतं ते खरं," असं तिने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. या सगळ्याला वेळ लागायचा, आणि नळ पूर्ण उघडला की तो असा काही किंचाळायचा की मिश्रणघरात बसलेल्यालाही दचकायला व्हायचं.

त्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे या सगळ्या विहिरींचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण वरून दाब आला की खाली देऊन मोकळा होणारा.

"बाई, तेल वाढत का नाही?"

"अजून वेळ आहे, साहेब. खडकातून पुढे सरकायला—"

"ते मी वर सांगून सांगून थकलो. आता एक विचारतो, राग मानू नका. मिश्रण तुमचा दीर करतो. नमुनाही तोच भरतो. आणि तपासता तुम्ही. सगळा घरचाच कारभार झाला की हो."

तिची कानशिलं तापली. "मी आकडा कुणासाठी बदलत नाही."

"तुम्ही नाही बदलणार. पण त्याने तुमच्यासाठी वेगळी, नीट कालवलेली बाटली भरून ठेवली असेल तर? आणि विहिरीत घाईघाईत कालवलेलं पातळ पाणी जात असेल तर? तुम्हाला कळणार कसं?"

घाईघाईत. हा शब्द साहेबांनी सहज वापरला होता. त्यांना ना स्कूटर माहीत ना काठी. पण तो शब्द बरोबर नेमक्या जागी जाऊन लागला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं तिचं झालं. दीर हल्ली लवकर घरी येतो. दीर टाकीजवळ फोनवर हसत असतो. मागच्या आठवड्यात त्याने नमुना आणला तेव्हा नळकांडं थंड होतं. आता थंडीच्या दिवसांत स्टील थंड असणार नाही तर काय गरम असणार? पण शंकेला कोण समजावणार!

दुपारी तो डबा खायला मिश्रणघरामागे गेला, तेव्हा ती विहिरीपाशी आली. नळकांडं मिश्रणघरातल्या खुंटीवर होतं. ते आणायचं म्हणजे मागच्या दाराने, त्याच्यासमोरून जायचं, आणि त्याने विचारलं तर काय सांगायचं, की तुझ्यावर भरवसा नाही म्हणून मी तपासायला आले? शिवाय नळ पूर्ण उघडला की तो किंचाळणार आणि दीर डबा टाकून धावत येणार. तिने खिशातून बाटली काढली, तोंडाशी धरली आणि नळ अगदी जरासा उघडला. आवाज झाला तो फक्त स्स्स. बारीक धार बाटलीत उतरू लागली. आपण किती जपून घेतोय, असंही तिला वाटलं. थोडं मिश्रण बुटांवर सांडलं. पॉलिमर म्हणजे शेवाळावरचं पाणी. दोनदा तिचा पाय घसरला, तरी ती चोरासारखी भराभर निघून गेली.

लॅबमध्ये तिने घट्टपणा मोजला. यंत्राने आकडा दाखवला. हवा होता त्याच्या निम्माही नव्हता. पुन्हा मोजलं. यंत्र धुऊन, पुसून, तिसऱ्यांदा मोजलं. तेच.

तिला आधी राग आला नाही, रडूच आलं. कारण तिला आतून वाटत होतं की आपण चुकीचे ठरावं. नवऱ्याला काय सांगायचं? की तुझ्या भावाने पुन्हा एकदा घाई केली, आणि या वेळी माझ्या शब्दावर बसून केली?

साहेबांना तिने आकडा सांगितला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "ऐका. मिश्रण आत्ताच्या आत्ता घट्ट करून घ्या, पार वरच्या खुणेपर्यंत. इतके दिवस पातळ गेलंय ते भरून काढायला हवं. आणि संध्याकाळी मी त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवतो. त्याला घरी बसवा. आत्ता मात्र काही बोलू नका, नाहीतर जाता जाता काहीतरी करून ठेवेल."

"तो तसा नाही, साहेब."

"आज सकाळपर्यंत तो पातळ कालवणाराही नव्हता."

तिने फोन ठेवला आणि मिश्रणघराकडे निघाली.

मिश्रणघरात दीर चाळणीतून पावडर भुरभुरवत होता. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. वहिनीला बघून त्याने दात दाखवले. "या, या! चाळणीबाई स्वतः आल्या म्हणजे आमचं काही खरं नाही. चहा?"

"नको. भावजी, पाणी कमी करा. वरच्या खुणेपर्यंत घट्ट हवंय."

टाकीतलं दाट मिश्रण पुढे पाइपात पाण्याने पातळ होऊन विहिरीत जायचं, आणि ते पाणी कमीजास्त करायचं चाक त्याच्या हाताशी होतं. चाकाला त्याने हात लावला नाही. चाळणी खाली ठेवली.

"थट्टा करताय का, वहिनी? तिथपर्यंत नेलं तर खडक सोसणार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि आजचं बरोबर आहे, सकाळी तार बघितलीय मी."

"तार डोळ्यांनी बघतात. मी मोजलंय."

"मोजलंत?" तो गोंधळला. "पण आज नमुना मी भरलाच नाही अजून. मोजलंत काय?"

त्याची नजर खाली गेली, तिच्या बुटांवर. बुटांवर पॉलिमर वाळून त्याचा चकचकीत पापुद्रा धरला होता. तो पापुद्रा ओळखायला त्याला काही लॅब लागत नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून घ्यावं तसं गेलं.

"तुम्ही विचारू नका," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला स्वतःलाच कर्कश वाटला. "सांगितलं तेवढं करा."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. आणि त्याने चाक फिरवलं.

ती गेजपाशी येऊन उभी राहिली. विहिरीच्या डोक्यावर दाब दाखवणारं मोठं गोल गेज होतं, त्यावर एक लाल रेघ. काटा रेघेच्या पलीकडे गेला की खडक फाटला. वॉकीटॉकी हातात होता. पाइपात आधीचं मिश्रण होतं तोवर काटा जागचा हलला नाही. मग तो थरथरला आणि चढू लागला.

"वहिनी, काटा?" वॉकीटॉकीतून दीर.

"चढतोय."

"रेघेला किती राहिलंय?"

"तीन बोटं."

"पाणी वाढवू?"

"नको."

ती मनाशी हिशोब मांडत होती. आजवर पातळ जात होतं, म्हणजे आता कुठे बरोबर झालं असणार. म्हणजे काटा थोडा चढून थांबायला हवा. आता थांबेल. आता थांबेल. काटा थांबेना. सावकाश, कुणाची पर्वा न करता, तो रेघेकडे चालला होता.

"वहिनी?"

"दोन बोटं."

"अहो, ऐका माझं. एकदा फाटला की—"

"मला माहितीय फाटला की काय होतं!" ती ओरडली. "मला शिकवू नका!"

पंपाचा धडधडाट तेवढा ऐकू येत होता. साहेबांचा फोन आला. "काटा चढतोय, इथे पडद्यावर दिसतंय मला. उत्तम! चढू द्या. थोडं ताणलं तर काही होत नाही. तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवा, बाई." तिने फोन खिशात टाकला. तिचा आकडा! जन्मभर जिने दुसऱ्याचा आकडा तीनदा चाळला, ती आज आपला एकच आकडा कवटाळून बसली होती. बाटली म्हणते पातळ, गेज म्हणतं घट्ट. दोन्ही खरं असणं शक्य नाही. तिने गेजवर बोटाने टकटक केलं. काटा हलला आणि पुन्हा तिथेच आला. गेज खोटं नव्हतं.

दीड बोट उरलं असेल.

मग पुन्हा एकदा नमुना बघायचा. आता वरच्या खुणेचं मिश्रण पाइपात आहे, म्हणजे हाताला चिकट, दाट लागायलाच हवं. तिने नळाखाली तळहात धरला आणि नळ जरासा उघडला, दुपारसारखाच.

स्स्स.

धार तळहातावर पडली. तिने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून वेगळं केलं. तार नाही. पुन्हा केलं. नुसतं बुळबुळीत पाणी, तारेचा पत्ता नाही.

बाई तशीच उभी राहिली. वर गेज सांगत होतं की आत भयंकर घट्ट मिश्रण आहे, आणि तिच्या हातात पडत होतं पाणी. पाइप एकच, मिश्रण एकच. मधे होती ती फक्त केसाएवढी उघडलेली फट, आणि त्या फटीतून सगळा दाब एका झटक्यात सुटत होता. बाहेर पडतं ते फाटलेलं. हे वाक्य तिचंच होतं. नळ जेवढा कमी उघडावा तेवढी फट अरुंद, धार जोरात, धागे तुकडे तुकडे. जपून घेतलं म्हणत होती ना! जपलं होतं ते फक्त आवाजाला, आवाज दिराने ऐकू नये म्हणून. दिराचं मिश्रण चोख होतं. ते फाडलं तिच्या हाताने, तिच्या चोरटेपणाने.

"भावजी!" वॉकीटॉकीचं बटण तिला सापडेना, शेवटी ती नुसतीच किंचाळली, पंपाच्या आवाजावरून. "पाणी सोडा! पूर्ण सोडा! सगळं!"

चाक गरगरल्याचा आवाज इथपर्यंत आला. त्याचा हात चाकावरच होता.

पण पाइपातलं घट्ट मिश्रण आधी विहिरीत जाणारच होतं, ते कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. पंप झटकन बंद करावा तर दाबाचा हिसका खडकालाच बसायचा. वाट बघण्यावाचून हातात काही नव्हतं. काटा चढला. एक बोट. अर्धं. लाल रेघेला टेकला आणि तिथे थरथरत राहिला. आता दोनच गोष्टी व्हायच्या. काटा हळूहळू उतरला तर वाचलो. एकदम धप्पकन पडला, तर खाली खडकाने जीव सोडला. तिने आयुष्यात कधी देवाला नवस बोलला नव्हता. आताही बोलली नाही, पण ओठ हलत होते.

काटा थरथरला. रेघेवरून एक केसभर मागे आला. परत पुढे गेला. मग मागे. मग आणखी मागे. आणि मग एखादा म्हातारा कठडा धरून पायऱ्या उतरतो तसा एकेक खूण उतरत गेला. धप्पकन पडला नाही.

तिने पाइपाचा आधार घेतला.

फोन वाजला. "काटा उतरतोय, बाई! पाणी कुणाच्या परवानगीने सोडलं?"

"माझ्या. साहेब, दुपारचा आकडा खोटा आहे. नमुना मी चुकीचा घेतला. नळकांडं न लावता, नळातून थेट. मिश्रण पहिल्यापासून बरोबर होतं."

"तुम्ही? तुम्ही नळातून थेट घेतलात?"

"हो. मी. तुम्ही संध्याकाळी माणूस पाठवू नका. त्याला काढायचं काही कारण नाही. काढायचं असेल तर मला काढा."

साहेब बराच वेळ करवादत राहिले, मग "उद्या ऑफिसात या" म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती वळली. दीर मागे उभा होता. कधी आला कोण जाणे. सगळा पांढरा, डोळे तेवढे लाल.

"कोणता माणूस?" त्याने विचारलं. "कुणाच्या जागी?"

तिने नळाकडे बघितलं.

"नमुना कधी घेतलात?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

"नळकांडं खुंटीवर होतं, वहिनी. मागितलं असतं तर मी काय नाही म्हणणार होतो?"

"तुम्हाला कळू नये म्हणून," ती म्हणाली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "आवाज होऊ नये म्हणून जरासाच उघडला."

त्याने मान हलवली. रागावला असता, दोन शब्द बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो जाऊन खुंटीवरचं नळकांडं घेऊन आला, तिच्यासमोर नळाला जोडलं आणि नळ पूर्ण उघडला. नळ किंचाळला. मग त्याने मागची चावी हळूहळू सोडली, घाई न करता, अगदी तिने शिकवली होती तशी. तो नमुना तिने लॅबमध्ये मोजला. हवा होता तोच आकडा. तिने तो एकदाच मोजला.

घरी जाताना जीपमध्ये तो नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसून बडबड करायचा. आज मागे बसला, खिडकीकडे तोंड करून.

जेवायला तिघे बसले. थोरल्याने वाट बघून बघून ताटं मांडून ठेवली होती. दोघांची तोंडं बघून त्याने काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "काय रे, आज कुणाचं तेल सांडलं? काय बिघडलं?"

"काही नाही, दादा. नळ जरा बिघडला होता."

"हात्तिच्या! मग याने घाई केली असणार!"

दिराचा हात सवयीने कानाकडे गेला. "माझीच घाई, दा—"

"नाही," ती म्हणाली.

थोरला हसता हसता थांबला.

"यांनी घाई केली नाही. मी केली. यांच्यावर संशय घेऊन चोरून नमुना घेतला आणि तो बिघडवला. त्या नमुन्यावर आज यांची नोकरी जाणार होती, आणि मी जाऊ देणार होते. विहीरही जाणार होती. अहो, ती स्कूटर माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तुम्ही दोघं हसता तेव्हा मला हसू येत नाही. मी यांना कधी माफ केलंच नव्हतं, आणि केलं असं सांगत आले."

थोरल्याने भावाकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याला काहीतरी विनोद करायचा होता, पण त्याच्याकडे या प्रसंगाचा विनोद नव्हता.

"मला ते माहीत होतं, वहिनी," दीर म्हणाला. "गोळा येतो तुमच्या पोटात, मी जिना उतरताना. दिसतं मला. म्हणून तर मी सावकाश व्हायला शिकलो." त्याने पाण्याचा तांब्या स्वतःकडे ओढला आणि पेला भरला. "मी साहेबांना फोन केला होता निघताना. पलीकडच्या विहिरीवर बदली मागितलीय. देतो म्हणाले."

"का?" तिने विचारलं. "सगळं निस्तरलंय ना आता?"

"निस्तरलंय. पण डबा उघडला की माझा कान नळाकडेच लागणार, कुणी आवाज न करता आलंय का म्हणून. असं नाही जेवता येत माणसाला." मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आणि तिथला नळ फार ओरडतो म्हणे. जरासा उघडला तरी."

तिने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "तिथले नमुनेही माझ्याच लॅबला येतात. मी येणार."

"या," तो म्हणाला आणि पेला तिच्या ताटापाशी सरकवला. "पण हाक मारून या."